कातडीखाली लागणारी मऊ गाठ: चरबीची आहे का, आणि असली तर करायचं काय

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, अंगावर गाठ आलीये म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, दुखतंय काय? दुखत नसेल तर सोडून द्यायचं आणि दुखत असेल तर घाबरायचं, असा हिशेब आपल्याकडं कधीपासून चालत आलाय. माझं खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान आहे, लोक काउंटरवर वाकून बाही वर करतात नाहीतर पाठमोरं होऊन शर्ट उचलतात आणि म्हणतात, ह्याच्यावर लावायला काहीतरी मलम द्या. कधीपासून आहे विचारलं की उत्तर येतं, "झाली की ओ चार-पाच वर्सं, दुखत न्हाई म्हणून तसंच ठेवलोय." तर हा दुखण्याचा हिशेब गाठीच्या बाबतीत चालत नाही, उलट बऱ्याचदा फसवतो. चरबीची साधी गाठ दुखत नाही हे खरं, पण कॅन्सरची गाठसुद्धा सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आणि जी रात्रभर ठणका मारते, झोपू देत नाही, ती पुष्कळदा साधं केसतूड असतं जे फुटलं की बरं होतं. म्हणून दुखणं जरा बाजूला ठेवून गाठ बघायची कशी, डॉक्टर काय बघतात आणि पुढं करायचं काय हे नीट लिहितोय, जरा लांब झालं तरी वाचा.

कातडीच्या खाली चरबीचा थर सगळ्यांनाच असतो, अगदी काडीपैलवानालासुद्धा. त्या थरातल्या चरबीच्या पेशी एके ठिकाणी जास्त वाढतात, त्यांच्याभोवती एक पातळ पापुद्रा तयार होतो आणि ती आजूबाजूच्या चरबीपासून वेगळी गाठ होऊन बसते. ह्याला डॉक्टर लायपोमा म्हणतात, जुनी माणसं आवाळू म्हणतात, आणि सिव्हिलमधे कन्नड बोलणारे डॉक्टर भेटले तर ते कोब्बिन गड्डे म्हणतील, सगळं एकच. कातडीखाली येणाऱ्या मऊ गाठींत ही सगळ्यात कॉमन, साधारण शंभरात एकाला असते, 40 ते 60 वयात जास्त दिसते आणि लहान मुलांत क्वचित. पाठ, खांदा, मान, दंड, मांडी, पोट ह्या तिच्या नेहमीच्या जागा. वाढते अगदी हळू, वर्षानुवर्षं, आणि बहुतेक गाठी दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास राहतात. हा कॅन्सर नव्हे आणि साध्या लायपोमाचा पुढं कॅन्सर होतो असंही नाही.

हाताला कशी लागते ते समजून घ्या, कारण निम्मं निदान इथंच होतं. मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यावर बोट दाबलं की बोट थोडं आत जातं, गोळा कडक नसतो पण पाण्यासारखा डचमळतही नाही, तशी ही गाठ लागते. आता गाठीच्या कडेवर एक बोट ठेवून हलकं दाबा, कड बोटाखालून सटकून पलीकडं जाते. ही सटकणारी कड डॉक्टर मुद्दाम बघतात, लायपोमाची ती जुनी खूण आहे. मग गाठीवरची कातडी चिमटीत धरून उचला, कातडी गाठीपासून सुटी उचलली जाते, चिकटलेली नसते. कातडीचा रंग बदललेला नसतो, हात लावला तर गरम लागत नाही. अजून एक गोष्ट बघायची, गाठ ज्या स्नायूवर आहे तो आवळायचा, म्हणजे दंडावर असेल तर मूठ घट्ट करून हात वाकवायचा. गाठ स्नायूच्या वर असेल तर ती तशीच हलती राहते, उलट जास्त उठून दिसते. स्नायूच्या आत किंवा खाली असेल तर ती घट्ट होते, हलेनाशी होते किंवा दिसेनाशीच होते, आणि मग ती गाठ घरी बसून ठरवायची नव्हे, ती डॉक्टरला दाखवायची.

एवढं सगळं जुळलं तरी मी कुणाला "चरबीचीच आहे जावा" असं दुकानात बसून सांगत नाही, एकदा सर्जनच्या हाताखालून जाऊ दे असंच सांगतो. पण ह्या खुणा माहीत असल्या की माणूस निम्मा शांत होतो, आणि कधी घाई करायची तेही कळतं.

ही गाठ होते कशानं? तेल-तूप जास्त खाल्लं म्हणून होत नाही, हे पहिलं डोक्यातनं काढा. घरोघरी बायका नवऱ्याचं जेवणातलं तूप बंद करतात, वजन कमी करा म्हणून मागं लागतात, वजन कमी करणं चांगलंच आहे पण लायपोमा त्यानं जात नाही. उलट आजूबाजूची चरबी कमी झाली की गाठ जास्त ठळक दिसायला लागते आणि माणूस घाबरतो की वाढली. बऱ्याच जणांत हे घराण्यातनं येतं, वडिलांना हातावर, काकाला पोटावर, मग तिशी ओलांडली की मुलालाही तशाच पाच-दहा बारीक गाठी दोन्ही हातांवर. गाठीतल्या पेशी तपासल्या तर पुष्कळदा बाराव्या गुणसूत्रात बदल सापडतो, म्हणजे पेशीतच काहीतरी बिघडलेलं असतं, आहाराचा दोष नसतो. उसाच्या मोळ्या, सिमेंटची पोती खांद्यावरून वाहणारे लोक विचारतात की ओझ्यानं झाली काय. मार बसलेल्या जागी पुढं अशी गाठ आल्याच्या नोंदी आहेत, पण रोजच्या ओझ्यानं गाठ होते असं कुणी ठामपणे म्हणत नाही, एवढं मात्र खरं की आधीपासून असलेली गाठ ओझ्याखाली घासते आणि त्रास द्यायला लागते. फार दारू पिणाऱ्या पुरुषांत मानेभोवती, खांद्यावर दोन्ही बाजूला सारखी चरबी चढते, गळ्यात कॉलर घातल्यासारखं दिसतं, तो वेगळा आजार आहे आणि तिथं दारू सोडणं हा उपचाराचाच भाग. आणि ही गाठ एकाची दुसऱ्याला लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण लग्नाच्या बोलण्यात मुलीच्या हातावरची गाठ लपवणारी, त्यासाठी घाईघाईत ऑपरेशन शोधणारी घरं मी बघतो, आणि त्या पोरीला काय वाटत असेल ह्याचं फार वाईट वाटतं.

चरबीची म्हणून सोडलेल्या, पण भलत्याच निघणाऱ्या गाठी

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो सिस्टशी. ही कातडीतलीच एक पिशवी असते, आत पांढरट चिकट माल भरलेला असतो. नीट उजेडात बघितलं तर मधोमध एक बारीक काळा ठिपका दिसतो, आणि कातडी त्या जागी गाठीला धरलेली असते, सुटी उचलत नाही. डोक्यात केसांत ज्या टणक गोल गाठी होतात त्या बहुतेक ह्याच जातीच्या. लोक काय करतात, आरशासमोर उभं राहून दोन नखांत धरून पिळतात, वास मारणारा घट्ट माल बाहेर येतो, बरं वाटतं, आणि महिन्याभरात परत भरते कारण पिशवी आतच राहिलेली असते. पिळल्यानं आत फुटली तर लाल होते, पू धरते, आणि साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. पिळू नका, खरंच पिळू नका.

केसतूड, गळू, काखमांजरी हे ओळखायला सोपं, लाल, गरम, दुखरं, दोन-चार दिवसात वाढलेलं. मनगटाच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढी टणक गाठ असते ती बहुतेक सांध्यातल्या वंगणाची पिशवी, तिला गँगलियन म्हणतात. जांघेत किंवा बेंबीजवळ फुगवटा असेल आणि खोकल्यावर मोठा होत असेल, झोपल्यावर आत जात असेल तर तो हर्निया, तिथं चरबीचा विचारच करायचा नाही. आणि असा फुगवटा एखाद्या दिवशी आत जाईनासा झाला, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी.

मान, काख आणि जांघ ह्या तीन जागांच्या गाठींकडं मी वेगळ्या नजरेनं बघतो. इथं आपल्या शरीरातल्या लसीका ग्रंथी असतात, ज्यांना आपण लिंफ नोड म्हणतो. भातलावणीच्या दिवसात चिखलात पायाला काहीतरी लागतं, जखम चिघळते आणि जांघेत अवधान येतं, म्हणजे तिथली ग्रंथी सुजते, हे आपल्याकडं कुणालाही माहीत आहे, जखम बरी झाली की तेही जातं. पण काही कारण नसताना मानेत गाठ आली आणि दोन-तीन आठवडे झाले तरी गेली नाही, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरलेलं, तर ती गंडमाळ म्हणजे टीबीची असू शकते, त्याची तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आणि आता नीट वाचा. निपाणी भागात तंबाखू हे पीक आहे, पोट आहे, आणि कित्येकांच्या तोंडात दिवसभर तोच असतो. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाच्या मानेत, जबड्याच्या खाली कडक, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ आली तर ती तोंडातल्या कॅन्सरची मानेत उतरलेली गाठ असू शकते. दुखत नाही म्हणून सोडलेल्या गाठींमधे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती हिची. तोंड उघडून आरशात बघा, गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम आहे का, आणि असो नसो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

बायकांच्या छातीतली गाठ ही कधीही, कुठल्याही वयात, चरबीची आहे असं घरी ठरवायची नाही. मऊ असो, लहान असो, दुखत असो नसो. ताई, मावशी, आई, आजी, सगळ्यांना सांगा. लाजेनं वर्ष वर्ष अंगावर काढतात आणि मग पदर सरकवून दाखवतात तेव्हा कातडी ओढली गेलेली असते. लहान बाळाच्या कमरेच्या खाली, मणक्याच्या बरोबर मधोमध मऊ गाठ असेल, त्यावर केसांचा झुपका किंवा खळगा असेल तर तीही नुसती चरबी समजायची नाही, ती आत मज्जारज्जूशी जोडलेली असू शकते, तिला चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही, मुलांच्या सर्जनला दाखवायचं.

इन्सुलिन घेणाऱ्यांचं एक वेगळंच. पोटावर बेंबीच्या बाजूला रोज त्याच त्याच जागी सुई टोचली की तिथली चरबी फुगते, मऊ गादीसारखा उंचवटा होतो. लोक मुद्दाम तिथंच टोचत राहतात कारण तिथं दुखत नाही, पण त्या जागेतनं इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा शोषलं जातं आणि शुगर वर-खाली नाचते. जागा रोज बदलायची, तीच सुई पुन्हा पुन्हा वापरायची नाही. आणि फुगलेली जागा सोडून नव्या जागी सुरू करताना डॉक्टरला सांगून करा, कारण चांगल्या कातडीत तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते.

कधी घाई करायची

गाठ 5 सेंटिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे ढोबळ मानानं मोठ्या लिंबाच्या पुढं गेलेली. आठवड्यांत, महिन्यांत फरक कळावा इतकी झपाट्यानं वाढणारी. कडक लागणारी, खालच्या भागाला चिकटून हलेनाशी झालेली, स्नायूच्या आत खोल असलेली. वर्षानुवर्षं गप्प होती आणि आता वाढायला किंवा दुखायला लागली अशी. आणि एकदा काढून टाकल्यावर त्याच जागी परत आलेली. ह्यातलं एक जरी असलं तरी थांबायचं नाही. चरबीच्या पेशींचा कॅन्सर असतो, त्याला लायपोसारकोमा म्हणतात, तो फार क्वचित होतो पण होतो, आणि त्याची आवडती जागा म्हणजे मांडीत खोलवर किंवा पोटात मागच्या बाजूला. तो साध्या लायपोमातनं होत नाही, सुरुवातीपासूनच वेगळा असतो, फक्त बाहेरून हाताला बराच काळ तसाच लागतो. मांडी हळूहळू जाड होत जाते, पँट एका बाजूला घट्ट होते आणि दुखत काहीच नसतं, इथं परत तोच दुखण्याचा हिशेब माणसाला गाफील ठेवतो.

उलट बाजूही सांगतो. काही लायपोमा दुखतात आणि तरी साधेच असतात. तरुण पोरांच्या पुढच्या हातावर बारीक बारीक दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी असतात, त्यांच्यात चरबीबरोबर रक्तवाहिन्या जास्त असतात, अँजिओलायपोमा म्हणतात, घाबरण्यासारखं काही नसतं. तसंच गाठ एखाद्या नसेवर टेकली तर मुंग्या येतात. म्हणजे दुखतंय का ह्यापेक्षा किती मोठी, किती खोल, किती मऊ, किती हलते आणि किती वेगानं वाढली हे पाच प्रश्न विचारा. ह्यासाठी घरी एक सोपं काम करता येतं, शिलाईच्या टेपनं गाठ मापायची, लांबी रुंदी तारखेसकट कॅलेंडरवर लिहायची, मोबाईलवर शेजारी टेप ठेवून फोटो काढायचा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत मापायची. रोज दाबून बघू नका, रोज बघितलं की रोज वाढल्यासारखीच वाटते.

डॉक्टरकडं गेल्यावर बहुतेक वेळा हातानं तपासून आणि एका सोनोग्राफीत काम भागतं. ह्या सोनोग्राफीला उपाशी राहायला लागत नाही, कातडीवर जेल लावून मशीन फिरवतात, गाठ कुठल्या थरात आहे, स्नायूच्या वर का खाली, आत रक्तप्रवाह किती हे दिसतं. शंका असली तर बारीक सुईनं थोड्या पेशी काढून तपासतात, एफएनएसी म्हणतात, इंजेक्शनएवढंच दुखतं. सुई टोचली की गाठ पसरते, चवताळते, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे आणि तिच्यापायी लोक तपासणी सोडून घरी येतात. असं पसरण्याचा धोका अगदी नगण्य आहे, न तपासता बसून राहण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा. गाठ मोठी किंवा खोल असली तर एमआरआय सांगतात. एमआरआयमधे चरबीचा प्रकाश मुद्दाम दाबून टाकता येतो, साधा लायपोमा त्या फोटोत आजूबाजूच्या चरबीसारखाच एकसारखा काळा पडतो, आणि जिथं काळा पडत नाही, मधे जाड पडदे किंवा गोळे दिसतात, तिथं डॉक्टर सावध होतात आणि मग जाड सुईनं तुकडा काढायला सांगतात. अशा संशयाच्या गाठीचा तुकडा जो सर्जन पुढं ऑपरेशन करणार त्याच्या सल्ल्यानंच काढावा, गावात कुठंतरी अर्धवट कापून बघणं फार नडतं.

बिब्बा, डागणी आणि "विरघळवणाऱ्या" गोळ्या

हे लिहिताना मला खरंच कळवळा येतो. गाठीवर बिब्बा लावून आलेली माणसं मी बघितलीत. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड येतात, पाणी सुटतं, आणि गाठ खाली होती तिथंच असते कारण ती कातडीत नाहीच, कातडीच्या खाली आहे. डागणी दिली की वर व्रण आणि खाली गाठ, शुगरवाल्याला ती जखम भरता भरता नाकी नऊ येतात, आणि पुढं सर्जनला कातडी सुटी आहे का चिकटली हे कळेनासं होतं, म्हणजे निदानाची खूणच आपण हातानं पुसून टाकली. चुना, केस-दोऱ्यानं आवळून बांधणं, तेच. एरंडाचं पान बांधून, हळदीचा लेप लावून नुकसान सहसा होत नाही पण गाठही जात नाही. कांचनार गुग्गुळ ह्या आयुर्वेदिक गोळ्यांचे डबे लोक मागून नेतात, मी विकतो म्हणून लपवत नाही, पण त्यानं चरबीची गाठ विरघळते ह्याला भक्कम पुरावा नाही आणि हे मी डबा देतानाच सांगतो. सुश्रुतसंहितेतसुद्धा मेदोज ग्रंथी म्हणून ह्या गाठीचं वर्णन आहे आणि तिथंही शस्त्रानं काढायचा विचार आहे, तेव्हा ऑपरेशन म्हणजे आपल्या परंपरेबाहेरचं काही असं मानायचं कारण नाही. मलमाचं म्हणाल तर कुठलंच मलम कातडी ओलांडून पापुद्र्यातली चरबी वितळवत नाही, म्हणून गाठीसाठी मलम मागितलं तर मी देत नाही.

मग उपचार काय? पुष्कळदा काहीच नाही. डॉक्टरनं बघून साधा लायपोमा म्हणून सांगितलं, लहान आहे, त्रास नाही, तर ठेवून द्यायची, मापत राहायची. काढायची कधी, तर त्रास होत असेल तेव्हा, पट्ट्याखाली, ब्लाऊजच्या पट्टीखाली घासत असेल, सॅक अडकवताना दुखत असेल, वाढत असेल, निदानाची शंका असेल, किंवा दिसायला नको वाटते म्हणून मन खात असेल. शेवटचं कारणही कारणच आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

लहान गाठीचं ऑपरेशन दिवसाचं काम, जागेवर भूल देऊन. सर्जन आधी मार्करनं गाठीची कड आखून घेतात, कारण भुलीचं इंजेक्शन दिल्यावर तिथली जागा फुगते आणि कड कळेनाशी होते. इंजेक्शनची चुरचुर अर्धा-एक मिनिट, मग कापलेलं कळत नाही, फक्त ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं. गाठीपेक्षा लहान चीर देतात, पापुद्रा दिसला की बोटानं किंवा बोथट हत्यारानं भोवतीनं सोडवत जातात आणि दोन्ही बाजूनी दाबलं की पिवळीधमक, गुळगुळीत, फुगीर कप्प्याकप्प्यांची गाठ चिरेतनं बाहेर येते. पापुद्र्यासकट पूर्ण आली तर परत येण्याची शक्यता फार कमी. मानेच्या मागची आणि पाठीची गाठ मात्र एवढ्या सहज सुटत नाही, तिथं आत धागे धागे घट्ट असतात, वेळ लागतो. कपाळावरचीही फसवी, लहान दिसते पण पुष्कळदा स्नायूच्या खाली हाडाला टेकून बसलेली असते, म्हणून हाताला कडक लागते, आणि ती काढणारा हात सवयीचा लागतो.

जायच्या आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असतील तर सांगा, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नका, हार्टवाल्यांना ते महागात पडतं. शुगर असेल, आधी कुठल्या भुलीची अ‍ॅलर्जी झाली असेल, जखमेचा व्रण जाड फुगणारा असेल तर तेही सांगा. टाके चेहऱ्यावरचे पाच-सात दिवसात, पाठीवरचे दहा ते चौदा दिवसात काढतात. तोवर शेतातली वाकायची, उचलायची कामं बंद, नाहीतर आत रक्त किंवा पाणी साठून तिथंच परत गाठ आल्यासारखं होतं आणि घरात रडारड. जखम लाल झाली, गरम लागली, पू आला, ताप आला तर वाट न बघता दाखवायचं. चिरेच्या बाजूला थोडा बधिरपणा काही दिवस राहतो.

लायपोसक्शननं चरबी ओढून काढता येते, व्रण बारीक राहतो, पण पापुद्रा आत राहतो म्हणून परत येण्याची शक्यता जास्त. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही लहान गाठी आकसतात, पण वरची कातडी पातळ, पांढरी पडू शकते. चरबी विरघळवणारं इंजेक्शन म्हणून ज्याची जाहिरात होते त्या डीऑक्सीकोलिक अ‍ॅसिडला अमेरिकेत 2015 साली मंजुरी मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, लायपोमासाठी नव्हे. ह्यातलं काहीही करताना एक मोठी उणीव राहते, गाठ पूर्ण हातात येत नाही, म्हणजे लॅबला पाठवायला पूर्ण गाठ उरत नाही.

जायचं कुठं, तर बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स ह्या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे, तिथं सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं, केएलईचं खाजगी हॉस्पिटल आहे, निपाणीकडची माणसं कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी रुग्णालयात जातात, अथणीकडची मिरजेला. आधार आणि रेशन कार्ड बरोबर ठेवा. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधनं वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे, पण लहान गाठीचं काम बसतं का आणि सरकारी दवाखान्याची रेफर चिठ्ठी लागते का हे आधीच विचारून घ्या, सीमेच्या पलीकडं जाणार असाल तर कार्ड तिथं चालतं का हेही.

आणि काढलेली गाठ टाकून द्यायची नाही. दोन पैसे वाचवायला लोक "चरबीचीच होती की, कशाला तपासायचं" म्हणून सोडतात. गाठ फॉर्मॅलिन ह्या पेशी टिकवणाऱ्या द्रवाच्या डबीत घालून पॅथॉलॉजीला जाते, आपल्याकडं बऱ्याचदा ती डबी नातेवाइकाच्याच हातात देतात आणि लॅबला नेऊन द्या म्हणतात. डबीवर नाव, वय, तारीख, शरीरातली जागा लिहिलेली आहे का बघा, झाकण घट्ट आहे का बघा, गाठ पूर्ण बुडालीये का बघा, आणि साध्या पाण्यात किंवा सलाईनमधे घालून देत असतील तर फॉर्मॅलिन मागा, पाण्यात पेशी खराब होतात आणि मग रिपोर्टच नीट येत नाही. रिपोर्ट साधारण आठवड्यात येतो, तो स्वतः जाऊन आणा, लायपोमा लिहिलेलं असलं तर ऑपरेशनच्या कागदांबरोबर फाइलला लावून ठेवा. त्यात अटिपिकल, म्हणजे नेहमीसारख्या न दिसणाऱ्या पेशी, असा शब्द असला किंवा सारकोमा लिहिलेलं असलं तर रिपोर्टबरोबर लॅबमधनं स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, तेसुद्धा मागून घ्या, आणि ते घेऊन कॅन्सरच्या सर्जनकडं जावा, कारण एमडीएम2 नावाची पुढची तपासणी त्याच ब्लॉकवर होते आणि परत कापायची गरज आहे का नाही हे त्यावरच ठरतं.